सरकारला कारण विचारायला

१८५४ सालचा उन्हाळा तोंडावर आला आहे आणि तुम्ही सावनेरच्या बाजारात उभे आहात. कोलार नदीच्या काठाला बैलगाड्या सोडल्या आहेत. काही सातपुडा उतरून छिंदवाड्याकडून आल्या आहेत, काही नागपूरहून. गाडीवानांच्या बोलण्यात आज कापसाचा भाव नाही. "राज गेलं बाप्पा," एक म्हातारा म्हणतो आणि समोरच्या ज्वारीच्या ढिगाकडे पाहत राहतो.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. कलकत्त्यात बसलेल्या लॉर्ड डलहौसीनं २८ जानेवारीला एक टिपण लिहिलं, भोसल्यांचा दत्तकाचा हक्क नाकारला, आणि नागपूरचं सगळं राज्य कंपनीच्या नकाशात गेलं. तुम्ही उभे आहात ती जमीनही त्यातच गेली. तिला कुणी विचारलं नाही, तुम्हालाही नाही.

विचारावंसं वाटतं, पण कुणाला? पाटलाला विचाराल तर तो कमाविसदाराकडे बोट दाखवेल, आणि कमाविसदाराला स्वतःचीच नोकरी उद्या राहते की जाते याची धास्ती आहे. म्हणून तुम्ही एका गाडीत बसता आणि थेट नागपुरात वाड्यासमोर उतरता. काही महिने तुमच्या डोळ्यांदेखत सरकतात. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाहेर काढून लिलावात मातीमोलानं विकले जात आहेत. जडजवाहीर मोजून पेट्यांत भरलं जात आहे. आत बांकाबाई आहेत, दुसऱ्या रघूजींची विधवा, घराण्यातली सगळ्यात थोरली, वयानं पार थकलेली. त्या विरोध करतात, खलिते लिहवतात, घराण्याचे वकील दाद मागायला पाठवतात. इंग्रज रेसिडेंट मॅन्सेललाही घराण्याशी असं वागणं पटलेलं नाही. तरी काही हलत नाही.

इथं जरा थांबा, कारण पुढे सगळा प्रवास याच जागेवरून मोजायचा आहे. बांकाबाईंची बाजू खरी की खोटी, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. त्यांची बाजू ऐकायला बसलेला कुणी होता का? राज्य घेणारी कंपनी, ते घेणं योग्य की अयोग्य हे ठरवणारी कंपनी, आणि तक्रार घेऊन जायचं तेही कंपनीच्याच दारात. एका राणीला आपल्याच घरातल्या हत्तींसाठी उभं राहायला तिऱ्हाईत चौथरा सापडला नाही.

आणि भोसल्यांच्या काळात सावनेरच्या कुणब्याला तो सापडत होता, असं समजून हळहळू नका. राजा दयाळू असला तर दाद लागे, नसला तर नाही. रयतेचं नशीब राजाच्या स्वभावावर टांगलेलं होतं. १८५४ मध्ये मालक बदलला, टांगणी तीच राहिली.

आता नव्वद वर्षं पुढे या.

१९४४. सावनेर स्टेशनवर छिंदवाड्याहून आलेली छोट्या लाइनची गाडी उभी आहे. डबे लहान आहेत, समोरच्या बाकावरच्या माणसाचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतात. दुसरं महायुद्ध पाचव्या-सहाव्या वर्षात आहे. रॉकेल मिळत नाही, कापड मिळत नाही, कागद मिळत नाही. डब्यात एक मास्तर आहेत. गाडी सुटताना ते गावाकडे हात करून सांगतात, की राम गणेश गडकरी याच गावात गेले, १९१९ च्या जानेवारीत. वय पुरतं चौतीसही नव्हतं. मग ते गप्प बसतात. बेचाळीसच्या चळवळीपासून माणसं डब्यात मोजूनच बोलतात. त्या चळवळीत पेटून उठलेल्या चिमूर आणि आष्टीची नावं कुणी मोठ्यानं घेत नाही, पण ती सगळ्यांच्या मनात आहेत.

"कोठी चालले जी?" शेजारचा शेतकरी तुम्हाला विचारतो.

"नागपूरले. कोर्टात."

"जमिनीचं काही?"

जमिनीचं नाही, असं तुम्ही सांगता. एका बाईनं सरकारवर अर्ज केला आहे, तो ऐकायचा आहे. नवऱ्याला पोलिसांनी धरून नेलं आहे, आणि का धरलं ते सरकारनं कोर्टापुढे सांगावं, असं तिचं म्हणणं आहे. शेतकरी तुमच्याकडे पाहतो. मग हळूच म्हणतो, "लढाईच्या दिवसात? सरकार सांगन?"

पाटणसावंगी, खापरखेडा, कोराडी मागं पडतं. इतवारीला उतरून तुम्ही टांगा करता. सीताबर्डीच्या टेकडीला वळसा घालून टांगा सिव्हिल लाइन्समध्ये शिरतो. समोर उच्च न्यायालयाची इमारत आहे, वालुकाश्माची, मधोमध घुमट असलेली. ती उघडून चारच वर्षं झाली आहेत. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो स्वतः उद्घाटनाला आले होते. न्यायालय मात्र १९३६ पासूनचं. इंग्रज सम्राटाच्या सनदेनं स्थापन झालेलं, त्याच्याच खजिन्यातून पगार घेणारं. आज त्याच सम्राटाच्या पोलिसांना इथं जाब द्यायचा आहे. यातलं नवल तुमच्या लक्षात येतं का पाहा, कारण राज्यघटनेच्या मूळ तत्त्वांतलं निम्मं या एका दृश्यात आहे. सत्ता एक असली तरी तिचे हात वेगळे ठेवायचे असतात, आणि एका हातानं काही उचललं तर दुसऱ्यानं ते उघडून पाहायचं असतं.

तुम्ही मागच्या बाकावर बसता.

अर्ज करणाऱ्या बाईंचं नाव विमलाबाई देशपांडे. अटकेत असलेले त्यांचे पती म्हणजे पु. य. देशपांडे. मराठी वाचक त्यांना ओळखतो. १९२७ साली आलेल्या त्यांच्या 'बंधनाच्या पलीकडे' या कादंबरीनं बराच गदारोळ उठवला होता. पुढे १९६२ मध्ये 'अनामिकाची चिंतनिका'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळेल, पण आज ते आरोपीसुद्धा नाहीत. आरोपी व्हायला आरोप लागतो. इथं आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षा नाही. फक्त अटक आहे. घरी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे, निर्मला. पुढे विनोबांच्या भूदानात चालणाऱ्या आणि राज्यसभेत बसणाऱ्या निर्मलाताई देशपांडे त्या ह्याच.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यातल्या दोन-तीन शब्दांवर आहे. भारत संरक्षण कायद्याखाली युद्धकाळासाठी नियम केलेले आहेत. नियम २६ प्रमाणे एखाद्याला स्थानबद्ध करणं जरूर आहे अशी सरकारची 'खात्री' झाली की सरकार त्याला बंद करू शकतं. खात्री कशी झाली, हे विचारायची सोय जवळजवळ नाही. नियम १२९ वेगळा आहे. तो पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार देतो, पण त्या माणसाविषयी त्याला 'वाजवी' संशय असला पाहिजे. देशपांड्यांना या १२९ खाली धरलं आहे.

सरकारची बाजू अशी, की अधिकाऱ्याला संशय होता आणि तो तसं म्हणतो आहे. लढाई चालू आहे, अशा वेळी त्याच्या शब्दावर कोर्टानं विश्वास ठेवावा. शिवाय अटकेनंतर प्रांतिक सरकारनंही त्यांना ताब्यात ठेवण्याचा हुकूम काढला आहे, तेव्हा पहिल्या अटकेत काही उणं असलं तरी ते भरून निघालं.

विमलाबाईंची बाजू त्याहून लहान आहे. संशय वाजवी होता, हे दाखवा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा मागणीत काय आहे? १८५४ च्या वाड्याकडे परत एकदा पाहा, म्हणजे कळेल. तिथं राणीनं सिद्ध करायचं होतं की राज्य आपलं आहे. इथं बाईला काहीच सिद्ध करायचं नाही. नवरा निर्दोष आहे हेही सिद्ध करायचं नाही. माणूस मोकळा असणं हेच मूळ. त्याला बांधणाऱ्यानं कारण द्यायचं. ओझं कुणाच्या डोक्यावर, एवढाच प्रश्न आहे, आणि राज्यकारभार घटनेनं चालतो की मर्जीनं, हे त्या एका प्रश्नावर ठरतं. निवडणुका, सभागृहं, ध्वज हे सगळं असूनही ओझं नागरिकाच्या डोक्यावर असेल, तर तो कारभार मर्जीचाच, असं मी म्हणेन.

नागपूरच्या न्यायालयानं हे ओझं पोलिसांच्या डोक्यावर ठेवलं. नुसतं 'मला संशय होता' हे पुरेसं नाही. संशयाला आधार होता हे कोर्टाला पटलं पाहिजे, आणि इथं ते पटवलं गेलेलं नाही. पहिली अटकच बेकायदा, म्हणून तिच्यावर रचलेला पुढचा हुकूमही उभा राहत नाही. देशपांड्यांना सोडा.

बाहेर व्हरांड्यात वकिलांचा घोळका आहे. त्यांच्या बोलण्यात लंडनचं नाव येतं. तीनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९४१ मध्ये, तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं लिव्हरसिज खटल्यात जवळपास उलटा निकाल दिला होता. कायद्यात 'वाजवी कारण' हे शब्द असले तरी गृहमंत्र्याला तसं वाटलं की पुरे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. एकटे लॉर्ड अॅटकिन वेगळे उभे राहिले. शब्दाचा जो अर्थ आहे तोच घ्या, मंत्र्याच्या सोयीचा घेऊ नका, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. ज्यांच्याकडून आपण हा कायदा घेतला त्यांच्या घरी जे घडलं नाही, ते नागपुरात घडलं. हे वाक्य लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

त्यात योगायोग फार नव्हता. या न्यायालयाची हवा तशी होती. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस इथंच होते, नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचे नातू, इथंच वकिली केलेले. याआधी प्रभाकर तारे यांच्या प्रकरणात त्यांनी ठरवून दिलं होतं, की युद्ध असलं तरी हेबियस कॉर्पसचा अर्ज ऐकायचा उच्च न्यायालयाचा अधिकार संपत नाही. धरलेला माणूस पुढे आणा आणि कशाच्या आधारानं धरला ते सांगा, असं कोर्ट सरकारला म्हणू शकतं. तीन-चारशे वर्षं इंग्रज ज्याचा गर्व करत आले ते हत्यार इथल्या माणसांनी त्यांच्यावरच चालवून दाखवलं.

सरकार गप्प बसलं नाही. ते प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे गेलं. तुम्ही दोन वर्षं उडी मारून १९४६ च्या लंडनमध्ये डोकवा. बॉम्बनी पडलेल्या इमारतींचे ढिगारे अजून उचलायचे आहेत. सम्राट विरुद्ध विमलाबाई देशपांडे, असं प्रकरण पुकारलं जातं. निकाल नागपूरचाच कायम राहतो. ब्याण्णव वर्षांपूर्वी नागपूरच्या राजघराण्याला जे या शहरातून मिळालं नव्हतं, ते एका लेखकाच्या बायकोला मिळालं.

पण इथंच गोष्ट संपवली तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. म्हणून एक पाऊल मागं घ्या. २२ एप्रिल १९४३, दिल्ली. फेडरल कोर्टात मुंबईच्या केशव तळपदे यांचं प्रकरण आहे. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर निकाल देतात: नियम २६ मूळ कायद्यानं दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जातो, तो टिकत नाही. म्हणजे देशभर त्या नियमाखाली बंद असलेल्या हजारोंची अटकच पोकळ. तुम्ही आनंदानं बाहेर पडता. सहा दिवस थांबा. २८ एप्रिलला व्हाइसरॉय वटहुकूम काढतो आणि मूळ कायदाच बदलतो, तोही असा की जणू तो पहिल्यापासून तसाच होता. तुरुंगांची दारं बंदच राहतात.

न्यायाधीश स्वतंत्र होते, निकाल खरा होता, तरी हाती काही लागलं नाही. कारण कायदा करणारा आणि कायद्यानं बांधला जाणारा एकच होता, आणि त्याच्या डोक्यावर कुणी नव्हतं. कायद्याच्याही वर एक कायदा पाहिजे, जो सरकारला सहा दिवसांत, एका सहीनं बदलता येणार नाही. विमलाबाईंना न्याय मिळाला तो सरकारनं त्या वेळी ही पळवाट वापरली नाही म्हणून. तळपद्यांचा न्याय सरकारनं वाटेत अडवला. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहिली, की संविधान सभेत बसलेली माणसं कशाशी झटत होती ते उमगतं.

त्या सभेत जा. ९ डिसेंबर १९४८. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क देणारं कलम चर्चेत आहे, आजचं ३२ वं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांगतात, की संविधानातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कोणतं असं मला विचाराल तर मी याच कलमाकडे बोट दाखवीन, हा त्याचा प्राण आहे. वकिलाचं हे बोलणं आहे. हक्क कितीही सुंदर लिहिला, तरी तो मोडल्यावर कुठं जायचं हे लिहिलेलं नसेल तर तो बांकाबाईंच्या खलित्यासारखा. म्हणून संविधानात त्याच्या भोवती सगळी रचना आहे. हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द, हे १३ व्या कलमात. अटक केली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्या, आणि कारण सांगा, हे २२ व्यात. तळपद्यांच्या बाबतीत घडलं ते पुन्हा सहज घडू नये म्हणून हे दगड बसवले.

त्याच २२ व्या कलमाचा पुढचा भाग वाचताना मात्र मनाला लागतं. प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे खटल्याशिवाय बंदिवास, तिथं मान्य केलेला आहे, आणि तोही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. ज्यांनी स्वतः असे तुरुंग भोगले त्यांनीच तो ठेवला. फाळणीचे रक्ताचे डाग ताजे होते, तेलंगणात सशस्त्र उठाव होता, हे सगळं खरं. तरीही ते चुकलं असं मला वाटतं. त्या सभेत अशा तरतुदींविरुद्ध बोलणारेही होते. आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले हरि विष्णु कामत ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या कलमांवर तुटून पडले. हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्गच सरकार स्थगित करू शकेल, ही तरतूद त्यांना सहन झाली नाही. जर्मनीच्या वायमार घटनेचं काय झालं ते आठवा, असं त्यांनी सभेला बजावलं. मतदान झालं, कलम राहिलं. त्याची किंमत सव्वीस वर्षांनी चुकवावी लागली.

तिकडे जाण्याआधी सावनेरला एक फेरी मारा. १९५१-५२ चा हिवाळा आहे. सावनेर आता मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर. पाचेक वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, ते मुंबई राज्यात जाईल आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात येईल. तुम्ही एकाच गावात बसून तीन राज्यं पाहाल आणि त्यामुळे तुमच्या हक्कांचं एक अक्षरही हलणार नाही. १८५४ मध्ये राज्य बदललं तेव्हा सगळंच बदललं होतं.

शाळेच्या खोलीत मतदान चालू आहे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. वाचता येत नाही म्हणून कुणाला मागं काढलेलं नाही. नांगर धरणारा, विटाळ मानून ज्याला कालपर्यंत विहिरीवर येऊ दिलं नाही तो, आणि मालगुजार, सगळे एका रांगेत. मालगुजारी नुकतीच गेली आहे, त्यामुळे रांगेत थोडा अवघडलेपणा आहे. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मध्य प्रदेशही अशा प्रांतांत होता. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तडजोड केली नाही. नाव सांगा, मत द्या. कोर्टात सम्राटासमोर स्वतःच्या नावानं उभी राहिलेली विमलाबाई त्याच मुलखातली होती, आणि नाव सांगायला लाजणाऱ्या बायकाही.

आता १९७६. नागपूरला मध्यवर्ती कारागृहाबाहेर डबे घेऊन बसलेल्या बायकांमध्ये तुम्ही आहात. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. दोन दिवसांनी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला: कलम १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाता येणार नाही. कामतांनी बोट ठेवलं होतं तेच हे दार. मिसा कायद्याखाली माणसं खटल्याशिवाय आत आहेत. कारण विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

तरी अर्ज झाले. आणि अनेक उच्च न्यायालयांनी ते ऐकले, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. घुमटाची तीच इमारत. न्यायालयाचं नाव १९५६ पासून बदललं होतं, सवय बदलली नव्हती. हक्क स्थगित असला तरी अटकेचा हुकूम निदान मिसाला धरून आहे की नाही, हे आम्ही पाहणार, अशी या न्यायालयांची भूमिका होती.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरापोटी कुणाला ठार मारलं तर काही उपाय आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. तुम्ही त्या दालनात असता तर त्या उत्तरानंतरची शांतता तुम्हाला विसरता आली नसती. निकालाची तारीख २८ एप्रिल १९७६. तेहतीस वर्षांपूर्वी तळपद्यांचा निकाल मोडणारा वटहुकूम निघाला होता तीच तारीख. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्यांत यशवंतराव चंद्रचूड होते, ही गोष्ट मराठी माणसाला टोचते आणि टोचावी. खन्ना एकटे वेगळे पडले, जसे लॉर्ड अॅटकिन पडले होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून धावत पाहा. १९७७ ला त्याच रांगांनी सरकार बदललं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ठरलं, की आणीबाणीतही २० आणि २१ ही कलमं स्थगित करता येणार नाहीत. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी १९७६ चा निकाल चुकीचा म्हणून खोडून काढला. तो खोडणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. आपल्या वडिलांचा निकाल गंभीर चुकीचा होता, असं मुलानं न्यायासनावरून लिहिलं. एखाद्या घराण्याचा मान राखणं आणि कायद्याचा मान राखणं यांत निवड करायची वेळ आली, तर काय करावं याचा याहून स्वच्छ नमुना माझ्या माहितीत नाही.

सावनेरला परत या. २२ डिसेंबर २०२३. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या २००१-०२ मधल्या रोखे व्यवहाराचा खटला वीस वर्षांवर चालला आणि आज निकाल लागला. सावनेरचे आमदार सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की आमदारकी जाते, हा लोकप्रतिनिधित्व कायदा. आणि अपील केलं म्हणून ती लगेच वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये लिली थॉमस प्रकरणात ठरवलेलं. सावनेरची जागा रिकामी झाली. ते अपिलात गेले, जानेवारीत उच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला. बाजारात दोन्ही बाजूंनी कडाकडा बोललं जातं, आणि जावं. खटला एवढा लांबला याची चीड यायलाच हवी. बुडालेल्या ठेवी शेतकऱ्यांच्या होत्या. पण या सगळ्यात एक गोष्ट पाहा. आमदाराला शिक्षा देणाराही कायदा आणि त्याला अपिलाचं दार उघडं ठेवणाराही तोच. बांकाबाईंना यातलं कोणतंच मिळालं नव्हतं.

आता मोठ्या माणसांना सोडून द्या आणि तहसील कार्यालयात चला. दुपारचे बारा वाजले आहेत. तुमच्या शेताच्या नुकसानीचा पंचनामा झाला होता, यादीत शेजाऱ्याचं नाव आहे, तुमचं नाही. कुणी सांगत नाही का. तुम्ही कागदावर अर्ज लिहिला आहे, माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ६, आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आहे. पंचनाम्याची प्रत आणि नाव वगळण्याचं कारण, दोन्ही मागितली आहेत.

खिडकीपलीकडचा माणूस अर्ज वाचतो. वाईट माणूस नाही. टेबलावर फायलींचा ढीग आहे आणि जेवायची वेळ झाली आहे.

"कायले पायजे हे?" तो विचारतो.

याचं उत्तर देण्याचं बंधन तुमच्यावर नाही. कलम ६ च्या दुसऱ्या पोटकलमात लिहिलं आहे, की माहिती मागणाऱ्याला कारण विचारता येणार नाही. आणि कलम ४ मध्ये लिहिलं आहे, की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाचं कारण कार्यालयानं द्यायचं. माणसाच्या जिवाचा किंवा मोकळीकीचा प्रश्न असला तर माहिती ४८ तासांत द्यायची, असंही या कायद्यात आहे. नागपूरच्या कोर्टात विमलाबाईंनी जे मागितलं त्याचा धागा तिथवर आला आहे. तुमच्या पंचनाम्याला तीस दिवस आहेत.

"भाऊ, पोच द्या," तुम्ही म्हणता.

तो शिक्का शोधतो, तारीख फिरवतो आणि दुसऱ्या प्रतीवर मारतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कुणाकडे करायचं, ते भिंतीवरच्या फलकावर पाहून घ्या आणि नाव लिहून ठेवा.